लाखेतली बाई

बहात्तर साली तेरणा आटली
तेव्हा चांदबी झारेकरीण नदीच्या पोटात उतरली.
एरवी ती आमच्या दुकानापुढची माती झाडून न्यायची
वर्षाचे साठ रुपये मोजून,
आणि घमेल्यात हलवत हलवत
वडिलांच्या हातून निसटलेलं सोनं
वडिलांनाच परत विकायची.
कानशीचा कीस, भट्टीची राख,
सगळ्याचा हिशेब तिच्या मनगटात.

त्या दिवशी तिनं पदराची गाठ सोडली.
"पुतळी नै, मोहर नै.
क्या है देखो, डहाळेसेठ."

वडिलांनी कसाच्या दगडावर ओढलं.
काळ्यावर पिवळी रेघ. वर तेजाबाचा थेंब.
रेघ हलली नाही.
काट्यात पाऊण तोळ्याला एक गुंज कमी.
एका अंगाला टोप घातलेली बाई, टोपावर साप,
दुसऱ्या अंगाला पंख फुटलेली, हात पुढं केलेला,
हातात हार. कुणासाठी, ते दिसत नव्हतं.
"देवी हाय," वडील म्हणाले.
"कुठली?"
"आपली न्हाई. पण देवीच."

उस्मानाबादहून सुवर्ण नियंत्रणाचा साहेब यायचा,
वही उघडून मूस हुंगायचा.
असलं काही घरात ठेवणं म्हणजे दुकानाला कुलूप.
चांदबीला एकशे सत्तर रुपये दिले
आणि रात्री दार लावून
वडिलांनी फुंकणी तोंडात धरली.
बाईचा टोप आधी बसला, मग नाक.
पंख बराच वेळ राहिले,
असं मला वाटतं. मी नऊ वर्षांचा होतो.
वहीत लिहिलं : मोडीचं जुनं सोनं.

पुढं मी लातूरला बँकेत, सोनेतारणाच्या टेबलावर
एकतीस वर्षं लोकांच्या पाटल्या तोलल्या.
निवृत्तीनंतर एका जाड पुस्तकात
ती पुन्हा भेटली, पानभर.

लिडिया नावाचा देश, तिथल्या नदीच्या वाळूत सोनं.
तिथं पहिली नाणी पाडली.
आणि सोनं पारखायचा काळा दगड
ग्रीक लोक त्या देशाच्याच नावानं ओळखायचे.
म्हणजे वडिलांच्या मांडीवर होता तसलाच.
मग मॅसिडोनच्या एका राजानं डोंगर पोखरला,
त्याच्या पोरानं इराणचे खजिने फोडले :
ताटं, पेले, घोड्यांचे साज,
सगळं मुशीत.
त्यातून ही बाई. हजारोंनी. शिपायांच्या पगारासाठी.

वितळलेलंच वितळवलं, म्हणून सोडून द्यावं
तर ते जमत नाही.

तेरला कशी आली, ठाऊक नाही.
इथलं कापड गाड्यांतून भडोचला जायचं खरं,
पण तोवर ही तीनशे वर्षांची म्हातारी झाली असणार.
किंवा इथल्याच एखाद्या सोनारानं
कुणाच्या तरी हातातली बघून नक्कल पाडली असेल.
तसं असेल तर वडिलांनी भावकीतलाच माल मोडला.

परवा त्यांची हत्यारांची पेटी उपसली.
सांडशी, जंत्री, गुंजांची डबी,
आणि तळाशी लाखेचा एक गोळा.
गोळ्यात शेजारी शेजारी दोन खळगे.
फुंकणी धरण्याआधी कधीतरी, मला न दिसता,
त्यांनी ती लाखेत दाबून घेतली होती.
सगळं उलटं, आत गेलेलं,
पण दिव्याखाली तिरपं धरलं
की पंख वर येतात.

कुणाला दाखवावं?
दुकानापुढची माती आता चांदबीची सून झाडते, मुनीरबी.
तिनं गोळा हातात घेतला, खळग्यावरून अंगठा फिरवला,
नखानं कड खरवडली,
उन्हाकडं धरून नख बघितलं.
"इसकू सोना लगेलाच है, भाई.
देव, जलाके देखती.
गव्हाच्या दाण्याइतकं तरी निघंल."

तिनं हात मागं घेतला नाही.
मीही अजून गोळा मागितलेला नाही.